पंखावरून शांत वाहणारी हवा अचानक का बिघडते? आणि ती कुठे बिघडेल हे आधी सांगता येतं का?

३ ऑगस्ट २००५. अमेरिकेचं डिस्कव्हरी हे स्पेस शटल आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला जोडलेलं होतं. स्टीफन रॉबिन्सन हा अंतराळवीर स्थानकाच्या लांबलचक यांत्रिक हाताच्या टोकाला पाय अडकवून उभा होता आणि तो हात त्याला हळूहळू शटलच्या पोटाखाली नेत होता. उड्डाण सुरू असताना कुणी शटलच्या पोटाखाली जाऊन दुरुस्ती करण्याची ही पहिलीच वेळ होती.

दुरुस्ती तरी कसली? शटलच्या पोटाला उष्णतारोधक टाइल्स लावलेल्या असायच्या. दोन टाइल्सच्या मधल्या फटीत सिरॅमिक कापडाच्या पातळ पट्ट्या बसवत, म्हणजे टाइल्स एकमेकींवर घासत नसत. अशा दोन पट्ट्या वर आल्या होत्या. एक साधारण अडीच सेंटिमीटर, दुसरी दीड सेंटिमीटरच्या आसपास. शंभर टनांच्या आसपास वजनाच्या यानाच्या पोटावर बोटाच्या दोन पेरांएवढं कापड!

रॉबिन्सनकडे चिमटा होता, आणि चिमट्याने जमलं नाही तर कापायला यानातच जुळवलेली एक करवत होती. दोन्हींची गरज पडली नाही. त्याने पट्ट्या हाताने धरून ओढल्या आणि त्या अलगद निघाल्या.

पण या कामात धोका होता. हेल्मेटचा किंवा एखाद्या अवजाराचा धक्का लागून टाइल फुटली असती, तर नको ते दुखणं विकत घेतल्यासारखं झालं असतं. अडीच वर्षांपूर्वी, १ फेब्रुवारी २००३ ला, कोलंबिया शटल परतीच्या वाटेवर तुटलं होतं आणि कल्पना चावला यांच्यासह सातही जण गेले होते. तिथलं कारण वेगळं होतं, डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला पडलेलं भोक. पण त्यानंतरचं हे पहिलंच उड्डाण असल्यामुळे कुणीही शक्यतो हात लावायला धजावलं नसतं. तरीही नासाने माणूस पाठवला. कारण एका प्रश्नाचं उत्तर तज्ज्ञांना खात्रीने देता येत नव्हतं. या पट्ट्या तशाच राहिल्या तर शटलच्या पोटाखालची हवा वेळेआधी बिघडेल का?

हवा 'बिघडणं' म्हणजे काय

घरात अगरबत्ती लावली आणि पंखा बंद असला, तर धुराची रेघ थोडा वेळ सरळ वर जाते. मग एका उंचीवर ती वळवळायला लागते आणि बघता बघता तिचे गुंतवळ होतात. खालचा सरळ भाग म्हणजे लॅमिनार प्रवाह. त्यात हवेचे थर एकमेकांवरून पत्त्यांच्या कॅटसारखे सरकतात, फारसे मिसळत नाहीत. वरचा गुंतवळ म्हणजे टर्ब्युलंट प्रवाह. मराठी विज्ञान पुस्तकांत स्तरीय प्रवाह आणि संक्षुब्ध प्रवाह असे शब्द आहेत. एकातून दुसऱ्यात जाण्याला ट्रान्झिशन, म्हणजे संक्रमण म्हणतात.

इथे एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. विमान ढगांत हादरतं, तेव्हा पायलट 'टर्ब्युलन्स' म्हणतो. ती आकाशातली खळबळ असते, तिचा पसारा काही मीटरपासून काही किलोमीटरपर्यंत असतो. इथे बोलणं चाललंय ते पंखाला अगदी चिकटून असलेल्या, काही मिलिमीटर किंवा सेंटिमीटर जाडीच्या थराबद्दल.

हा थर कुठून येतो? कोणत्याही पृष्ठभागाला अगदी लागून असलेली हवा तिथेच अडकलेली असते, तिचा पृष्ठभागाच्या तुलनेतला वेग शून्य असतो. तिथून थोडं वर गेलं की वेग वाढत जातो आणि लवकरच बाहेरच्या वाऱ्याइतका होतो. शून्यापासून पूर्ण वेगापर्यंतच्या या पातळ पट्ट्याला बाउंड्री लेयर किंवा सीमास्तर म्हणतात. लुडविग प्रांटल या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ साली हायडेलबर्गला भरलेल्या गणितज्ञांच्या परिषदेत ही कल्पना मांडली आणि विमानशास्त्राचा पायाच बदलला. ताशी १०८ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात एक सपाट पत्रा आडवा धरला, तर पुढच्या कडेपासून एक मीटरवर शांत सीमास्तराची जाडी जेमतेम साडेतीन मिलिमीटर भरते.

एवढ्याशा थराचं एवढं कौतुक का, तर घर्षण आणि उष्णता दोन्ही याच थरातून ये-जा करतात. थर शांत असेल तर दोन्ही कमी. थर खळबळला की बाहेरची वेगवान हवा सतत पृष्ठभागापर्यंत खाली ओढली जाते. सपाट पृष्ठभागासाठीची पाठ्यपुस्तकातली सूत्रं वापरली, तर रेनॉल्ड्स नंबर १० लाख असताना टर्ब्युलंट थराचं घर्षण लॅमिनारच्या साधारण साडेतीन पट येतं, आणि १ कोटी असताना सात पट. प्रवासी विमानाच्या पंखावर हा आकडा १ कोटीच्या वर सहज जातो. म्हणजे पंखाचा जेवढा जास्त भाग शांत ठेवता येईल, तेवढं इंधन वाचतं. शटलच्या बाबतीत प्रश्न इंधनाचा नव्हता, उष्णतेचा होता. परतताना पोटाखालच्या टाइल्स हजार अंश सेल्सियसच्या वर तापायच्या, आणि थर टर्ब्युलंट झाला की आत शिरणारी उष्णता कित्येक पट वाढायची.

रेनॉल्ड्सची नळी

हा रेनॉल्ड्स नंबर म्हणजे काय? १८८३ मध्ये मँचेस्टरच्या ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकाने पाण्याच्या टाकीत काचेची नळी बसवली आणि नळीच्या तोंडाशी रंगाची बारीक धार सोडली. पाणी हळू असताना रंगाची रेघ नळीभर सरळ गेली. वेग वाढवत नेला, तशी एका टप्प्यावर ती रेघ फुटली आणि रंग नळीभर पसरला.

रेनॉल्ड्सच्या लक्षात आलं की नुसता वेग महत्त्वाचा नाही. वेग गुणिले आकार, भागिले द्रवाचा चिकटपणा (घनतेच्या हिशेबात), असा एक आकडा काढला तर मध आणि पाणी, बारीक नळी आणि जाड नळी, सगळी एकाच मापात मोजता येतात. आकडा लहान म्हणजे चिकटपणाचं राज्य, छोट्या गडबडी जागच्या जागी विरतात. आकडा मोठा म्हणजे गडबडींना आवर घालणारं कुणी नाही.

नळीसाठी हा आकडा २,००० ते २,३०० असं इंजिनिअरिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ केलेलं असतं. गंमत अशी की खुद्द रेनॉल्ड्सने पाणी नीट स्थिर होऊ देऊन, धक्के टाळून, सुमारे १३,००० पर्यंत प्रवाह शांत ठेवला होता. पुढे इतरांनी फार काळजी घेऊन १ लाखापर्यंत नेला. उलट रेनॉल्ड्सच्याच उपकरणावर मँचेस्टरमध्ये अनेक दशकांनी तोच प्रयोग केला, तेव्हा १३,००० गाठता आलं नाही, कारण रस्त्यावरच्या मोटारींच्या हादऱ्यांनी प्रवाह आधीच फुटायचा.

नळीचं गणित तर आणखी चक्रावणारं आहे. अगदी सूक्ष्म गडबड गृहीत धरून समीकरणं सोडवली, तर गोल नळीतला प्रवाह कोणत्याही वेगाला टर्ब्युलंट व्हायला नको. प्रत्यक्षात तो रोज आपल्या घरच्या पाइपात होतो. कारण खऱ्या गडबडी 'अगदी सूक्ष्म' नसतात. नळीत एकदा निर्माण झालेली खळबळ कोणत्या आकड्याच्या वर टिकून राहते आणि पसरते, याचं पक्कं उत्तर मिळायला २०११ साल उजाडलं. ते आलं सुमारे २,०४०. रेनॉल्ड्सच्या प्रयोगानंतर १२८ वर्षांनी!

तेव्हा 'प्रवाह कधी टर्ब्युलंट होतो' याला एका आकड्यात उत्तर नाही. प्रवाहाला कोण, किती आणि कसं छेडतंय, यावर ते ठरतं. या विषयातली सगळी डोकेदुखी इथून सुरू होते.

कुणालाच न दिसणाऱ्या लाटा

सपाट पत्र्यावर किंवा पंखावर गणित थोडं दयाळू आहे. १९०७ मध्ये आयर्लंडचे ऑर आणि १९०८ मध्ये जर्मनीचे सोमरफेल्ड यांनी, शांत प्रवाहात एक बारीक लाट सोडली तर ती वाढेल की विरेल, हे सांगणारं समीकरण मांडलं. समीकरण मांडणं एक आणि सोडवणं दुसरं. सोमरफेल्ड यांनी ते आपल्या एका हुशार विद्यार्थ्याला पीएचडीसाठी दिलं. त्याचं नाव वर्नर हायझेनबर्ग. होय, क्वांटम मेकॅनिक्सवाला तोच. १९२३ च्या त्याच्या प्रबंधाचा विषय प्रवाहाची स्थिरता हा होता. त्याने अंदाजे उत्तर काढलं, ते बरंचसं बरोबर होतं, पण गणितज्ञांना त्याची पद्धत पटेना. (देव भेटला तर टर्ब्युलन्स का होतो हे विचारेन, हा किस्सा हायझेनबर्गच्या नावावर व्हॉट्सॲपवर फिरतो. तोच किस्सा होरेस लॅम्ब या ब्रिटिश गणितज्ञाच्या नावावरही सांगतात, त्यामुळे तो जपूनच पुढे पाठवावा.)

प्रांटलच्या गटिंगेनमधल्या शिष्यांनी, १९२९ मध्ये टोलमीनने आणि १९३३ मध्ये श्लिश्टिंगने, सीमास्तरासाठी हिशेब पुरा केला. त्यांचं म्हणणं असं की पुढच्या कडेपासून ठरावीक अंतराच्या पुढे काही विशिष्ट लांबीच्या लाटा आपोआप वाढू लागतात आणि शेवटी प्रवाह फोडतात.

जर्मनीबाहेर यावर फारसा कुणाचा विश्वास बसला नाही. साधं कारण होतं, कोणत्याही विंड टनेलमध्ये या लाटा दिसत नव्हत्या. जी. आय. टेलर यांच्यासारखा दिग्गज ब्रिटिश शास्त्रज्ञ म्हणत होता की बाहेरच्या वाऱ्यातली खळबळच थराला धक्के देऊन मोडते, लाटाबिटा काही नाही.

दोष टनेलांचा होता. त्यांतला वारा मुळातच इतका गढूळ होता की नाजूक लाटा वाढायच्या आधीच सगळं मोडून जायचं. जत्रेत बासरी ऐकू येत नाही, म्हणून बासरी नाहीच म्हणण्यातला प्रकार. वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये ह्यू ड्रायडन यांच्या हाताखाली गॅलन शुबाउअर आणि हॅरल्ड स्क्रॅमस्टॅड यांनी वाऱ्याच्या वाटेत बारीक जाळ्या एकामागे एक लावून टनेल शांत केला. वेगातली चढउतार वाऱ्याच्या वेगाच्या काही शतांश टक्क्यांवर आली. मग १९४० च्या सुमाराला पत्र्यावरच्या तापवलेल्या बारीक तारेच्या मापकात सुबक, नियमित लाटा उमटल्या. खात्री करायला त्यांनी पत्र्याजवळ धातूची पातळ फीत ताणून बसवली, चुंबकाच्या क्षेत्रात तिच्यातून उलटसुलट वीज सोडून ती हव्या त्या कंपनाने थरथरवली, आणि कोणती लाट वाढते, कोणती विरते हे मोजलं. गटिंगेनचं गणित बरोबर निघालं. पण तेव्हा महायुद्ध चालू होतं, त्यामुळे हा निकाल गुप्त राहिला आणि जगाला १९४७ मध्ये कळला. या लाटांना आज टोलमीन-श्लिश्टिंग लाटा म्हणतात.

आता आकडे पाहा. सपाट पत्रा, ताशी १०८ किलोमीटरचा वारा. गणितानुसार लाटा वाढायला सुरुवात होते रेनॉल्ड्स नंबर सुमारे ९१,००० ला, म्हणजे पुढच्या कडेपासून साडेचार सेंटिमीटरवर. साध्या टनेलमध्ये थर मोडतो ५ लाखांच्या आसपास, म्हणजे २५ सेंटिमीटरवर. शुबाउअर-स्क्रॅमस्टॅडच्या शांत टनेलमध्ये तोच थर २८ लाखांपर्यंत, म्हणजे १ मीटर ४० सेंटिमीटरपर्यंत टिकला. पत्रा तोच, वेग तोच. फरक फक्त आजूबाजूच्या शांततेचा.

मग अंदाज बांधायचा तरी कसा

साडेचार सेंटिमीटरवर लाट जन्मते, मोडतोड दीड मीटरवर होते. या मधल्या प्रवासात लाट किती पट वाढते, हे तर समीकरणातून काढता येतं. १९५६ मध्ये अमेरिकेत डग्लस विमान कंपनीचे ए. एम. ओ. स्मिथ आणि गॅम्बरोनी, आणि हॉलंडमध्ये डेल्फ्टचे फान इंगेन यांनी एकमेकांना न विचारता तेच केलं. आधी झालेल्या प्रयोगांमध्ये थर जिथे मोडला होता, तिथे गणिताप्रमाणे लाट किती पट वाढली होती ते पाहिलं. उत्तर बऱ्याच ठिकाणी सारखंच आलं, साधारण ८,००० पट.

गणितात 'ई' नावाची एक संख्या आहे, २.७१८. तिचा ९ वा घात साधारण ८,१०० होतो. म्हणून या पद्धतीला ई-एन पद्धत म्हणतात आणि एन म्हणजे हा घात. एन ९ ला पोचला की प्रवाह मोडला असं समजायचं. एमआयटीचे मार्क ड्रेला यांचा एक्सफॉइल हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम १९८६ पासून जगभरचे विद्यार्थी आणि मॉडेल विमानं बनवणारे हौशी लोक वापरतात. त्यात हीच पद्धत आहे, आणि कुणी काही बदललं नाही तर ९ हाच आकडा भरलेला असतो.

पण ही पद्धत लाट किती पट वाढली ते सांगते. सुरुवातीला लाट किती उंच होती, हे तिला ठाऊकच नसतं. दुप्पट मोठ्या लाटेने सुरुवात झाली तर अर्ध्या वाढीतच काम तमाम. म्हणून ९ हा निसर्गनियम नव्हे, तो निकालांवरून उलटा काढलेला आकडा आहे. लेस्ली मॅक यांनी १९७७ मध्ये बाहेरच्या वाऱ्यातल्या खळबळीवरून एन काढायचं एक सूत्र दिलं. खळबळ ०.०७ टक्के असेल तर एन ९ येतो, १ टक्का असेल तर अडीचच्या जरा वर. ग्लायडर उंच, निवांत हवेत उडतो, त्याच्यासाठी एक्सफॉइलची पुस्तिका १२ ते १४ घ्यायला सांगते. गढूळ टनेलसाठी ४ ते ८. म्हणजे प्रवाह कुठे मोडेल हे सांगण्याआधी हवा किती स्वच्छ आहे हे सांगावं लागतं. विमान उद्या कोणत्या हवेतून जाणार, हे आज कोण सांगणार?

जेट इंजिनातल्या टर्बाइनच्या पात्यांवर तर येणारा वारा काही टक्के खळबळलेलाच असतो. तिथे लाटांचा हा संथ प्रवास होतच नाही, थर थेट मोडतो. अमेरिकेचे मार्क मॉर्कोव्हिन यांनी याला 'बायपास' हे नाव दिलं. आडवाटेने आलेल्या पाहुण्यासारखा. तिथे ई-एन चालत नाही, प्रयोगांतून जुळवलेली सूत्रं वापरावी लागतात, आणि आजच्या बहुतेक व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये तीच बसवलेली असतात.

बंगळुरूचं योगदान

आतापर्यंत 'थर इथे मोडतो' असं म्हटलं, जणू पत्र्यावर खडूने रेघ मारलीय. प्रत्यक्षात रेघ नसते. १९५१ मध्ये हार्वर्डच्या हॉवर्ड एमन्स यांना उतरत्या पृष्ठभागावरून वाहणाऱ्या पाण्याच्या पातळ थरात दिसलं की खळबळीचे छोटे ठिपके इथे तिथे अचानक उगवतात, वाहत जाताना बाजूंना पसरतात, एकमेकांत मिसळतात आणि मग सगळीकडे खळबळ होते. पहिल्या पावसात अंगणात थेंबांचे ओले डाग वाढत वाढत एक होतात, तसं. मधल्या पट्ट्यात एखाद्या जागी मापक ठेवला तर तो काही वेळ शांत, काही वेळ खळबळलेला प्रवाह दाखवतो.

मग मोजायचं काय? त्या जागी एकूण वेळापैकी किती वेळ खळबळ असते ते. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सतीश धवन आणि त्यांचे विद्यार्थी रोद्दम नरसिंहा यांनी याच प्रमाणावर काम केलं. नरसिंहा यांची कल्पना साधी होती. ठिपके पत्र्यावर कुठेही उगवत नाहीत, ते प्रवाहाला आडव्या अशा एका अरुंद पट्टीतच उगवतात. हे मानलं की शून्य टक्क्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत खळबळ कशी वाढत जाते याचा एकच वक्र मिळतो, आणि वेगवेगळ्या टनेलमधली मोजमापं त्या एकाच वक्रावर येऊन बसतात. धवन आणि नरसिंहा यांचा हा शोधनिबंध १९५८ मध्ये जर्नल ऑफ फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आला. टर्बाइनच्या पात्यांचा हिशेब करणारे अभियंते त्यांचं सूत्र अजूनही वापरतात.

धवन म्हणजे तेच, पुढे १९७२ ते १९८४ इस्रोचे अध्यक्ष राहिलेले. श्रीहरिकोटाच्या अवकाश केंद्राला त्यांचं नाव आहे. अब्दुल कलामांनी सांगितलेला अपयश स्वतःकडे घेणाऱ्या बॉसचा किस्सा सगळ्यांना ठाऊक असतो, सीमास्तरावरचं काम मात्र फार कमी जणांना.

माशी, रंग आणि शिवण

गणितातला पंख गुळगुळीत असतो. खऱ्या पंखावर रिव्हेट असतात, रंगाचा थर उंचसखल असतो, आणि टेकऑफ करताना पुढच्या कडेवर चिलटं चिरडलेली असतात. दुसऱ्या महायुद्धातल्या मस्टँग या लढाऊ विमानाचा पंख खास लॅमिनार प्रवाहासाठी आखला होता. कारखान्यातून निघालेल्या, धुळीत उभ्या राहणाऱ्या विमानावर त्यातली फारशी शांतता उरत नसे. एक मेलेली माशी तिच्या मागे पाचरीच्या आकाराचा टर्ब्युलंट पट्टा सोडते. हा प्रश्न इतका खरा आहे की २०१५ मध्ये नासा आणि बोइंगने किडे न चिकटणारे लेप तपासायला एक विमान मुद्दाम लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टला नेलं, कारण तिथे किडे भरपूर.

जेट विमानाचा पंख मागे वळलेला असतो, त्यात आणखी एक भानगड आहे. तिथे सीमास्तरातली हवा थोडी आडवीही सरकते आणि त्यातून वेगळ्याच जातीचे भोवरे उठतात. पुढच्या कडेजवळची, डोळ्यांना न दिसणारी खरखरही त्यांना पुरते. हे सगळं सांभाळून कितपत शांतता मिळते हे पाहायला एअरबसने २०१७ मध्ये ए३४० विमानाच्या दोन्ही पंखांची बाहेरची टोकं बदलून खास लॅमिनार टोकं बसवली आणि ते फ्रान्समधल्या तार्बहून उडवलं.

सगळ्यांनाच शांतता हवी असते असंही नाही. टर्ब्युलंट थर घर्षण जास्त करतो, पण वळणदार पृष्ठभागाला जास्त वेळ चिकटून राहतो. गोल्फच्या चेंडूवरचे खड्डे थर मुद्दाम मोडण्यासाठी असतात. मागची पोकळी त्यामुळे आक्रसते आणि चेंडू लांब जातो.

क्रिकेटचा स्विंगही हाच. ताशी ११० किलोमीटरच्या आसपास टाकलेल्या नव्या चेंडूची शिवण तिरकी धरली, की शिवणीच्या बाजूचा थर शिवणीला अडखळून टर्ब्युलंट होतो आणि चेंडूला चिकटून राहतो. दुसऱ्या, चकचकीत बाजूचा थर लॅमिनार असतो आणि लवकर सुटतो. चेंडू शिवणीच्या दिशेने वळतो. वेग पुरेसा वाढला, किंवा चेंडू जुना होऊन खरखरीत झाला, तर दोन्ही बाजूंचे थर आपणहून टर्ब्युलंट होतात. मग शिवण मदत करण्याऐवजी आपल्या बाजूचा थर जाड आणि दुबळा करते, तो आधी सुटतो आणि चेंडू उलटा वळतो. रिव्हर्स स्विंग तो हाच. श्रीरामपूरचा झहीर खान जुना चेंडू हातात घेऊन धावत यायचा, तेव्हा सीमास्तर कुठे मोडेल याचा अंदाज तो मनगटाने बांधत होता, असं म्हणायला हरकत नाही.

पुन्हा शटलच्या पोटाखाली

शटल परतताना वातावरणाच्या वरच्या भागात हवा इतकी विरळ असायची की रेनॉल्ड्स नंबर लहान राहायचा आणि थर जाड, शांत असायचा. यान जसं खाली यायचं तशी हवा दाट व्हायची आणि केव्हातरी थर मोडायचा. सहसा हे ध्वनीच्या वेगाच्या १० पटींच्या खाली आल्यावर घडायचं, तोवर तापण्याचा सर्वांत वाईट काळ उलटून गेलेला असायचा. पण पृष्ठभागावर एखादा उंचवटा असेल, आणि त्याची उंची थराच्या जाडीच्या मानाने दुर्लक्ष करण्याजोगी नसेल, तर थर बराच आधी, जास्त वेगाला आणि जास्त उष्णतेच्या काळात मोडू शकतो. आधीच्या काही उड्डाणांत असं झालेलं होतं आणि याने सुखरूप उतरली होती.

प्रश्न होता किती आधी. ध्वनीच्या २० पट वेग, शटलएवढा आकार आणि ती विरळ तापलेली हवा, हे तिन्ही एकत्र पृथ्वीवरच्या कोणत्याही टनेलमध्ये मिळत नाही. हाती होते ते लहान मॉडेलवरचे प्रयोग, जुन्या उड्डाणांच्या नोंदी आणि त्यांवरून जुळवलेली सूत्रं. त्यांच्या आधारे 'बहुधा काही होणार नाही' म्हणता येत होतं, 'होणार नाही' म्हणता येत नव्हतं. म्हणून पट्ट्या काढायचं ठरलं. ज्याने त्या काढल्या, त्या रॉबिन्सनची स्टॅनफर्डची पीएचडी टर्ब्युलंट सीमास्तरावरची आहे. आपण काय ओढून काढतोय हे त्या दिवशी त्याच्याइतकं कुणालाच कळत नसावं. डिस्कव्हरी ९ ऑगस्टला कॅलिफोर्नियात सुखरूप उतरलं.

चार वर्षांनी, मार्च २००९ मध्ये, याच डिस्कव्हरीच्या डाव्या पंखाखाली नासाने एक खास टाइल बसवली. तिच्यावर सुमारे ६ मिलिमीटर उंचीचा कंगोरा होता. या वेळी थर मुद्दाम, ठरवून मोडायचा होता. कंगोऱ्याच्या मागे तापमापक बसवले होते, आणि खाली समुद्रावर अमेरिकी नौदलाचं ओरायन विमान उष्णता टिपणारा कॅमेरा घेऊन घिरट्या घालत होतं. शटल ध्वनीच्या ८ पटींहून जास्त वेगाने जात असताना त्याने पोटाची छायाचित्रं घेतली. त्यांत कंगोऱ्यामागे पसरत गेलेला जास्त तापलेला पट्टा दिसतो. त्याच वर्षी पुढच्या फेरीत कंगोऱ्याची उंची ९ मिलिमीटरच्या आसपास नेली, म्हणजे थर आणखी जास्त वेगाला मोडावा. अंदाजाची सूत्रं तपासायला प्रत्यक्ष उड्डाणातले आकडे हवे होते, आणि ते मिळवायला दुसरा मार्ग नव्हता.